ड्रोनवाल्यांच्या ग्रुपमधला 'तो' एक जण : ठेवायचा की काढायचा?



सोयाबीनला शेंगा धरायला लागल्या की आपल्या नांदेड-लातूर पट्ट्यात फवारणीच्या ड्रोनवाल्यांना जेवायला सवड नसते. कुणाची बॅटरी फुगलेली, कुणाचा नोझल चोकअप, कुणाला औसा रोडला दुसरं मशीन पाहिजे. हे सगळं चालतं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. धंद्यात नवीन उतरलेल्या पायलटसाठी असा ग्रुप म्हणजे अर्धं भांडवल आहे. आणि अशा जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच. तुम्ही आत्ता वाचताना तुमच्या डोळ्यासमोर आला असेल तोच.

व्हिडिओत या विषयाला वेळ कमी पडला, म्हणून इथं नीट लिहितो.

हा माणूस बिनकामाचा असता तर प्रश्नच नव्हता. गुड मॉर्निंगचे फुलं टाकणारा माणूस एका क्लिकमध्ये जातो, कुणी विचारतही नाही. अडचण ही आहे की 'तो' बहुतेक वेळा ग्रुपमधला सगळ्यात जाणकार असतो. मोटारचा आवाज ऐकून फॉल्ट सांगतो. रात्री अकराला फोन उचलतो. पण नवीन माणसानं साधा प्रश्न विचारला की, "एवढं कळत नाही तर कशाला घेतलं मशीन? म्हशी घे दोन." एखाद्यानं भाव सांगितला की, "तुझ्यासारख्यांनीच धंदा बुडवायलेत." मग वीस-पंचवीस मेसेज भांडणाचे, दोघं-तिघं लेफ्ट, आणि ज्याला खरंच माहिती पाहिजे होती तो तसाच राहतो.

अ‍ॅडमिन लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, "जाऊ द्या भाऊ, मनाचा चांगला आहे. आणि माहितीही भरपूर आहे त्याला." मला हे पटत नाही. त्याच्या माहितीचा हिशोब सगळे करतात, त्याच्यामुळं जी माहिती ग्रुपवर येतच नाही तिचा कुणी करत नाही.

आता हे बघा. 'नमो ड्रोन दीदी' योजना केंद्रानं नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. देशभरातल्या १५,००० बचत गटांना ड्रोन द्यायचं लक्ष्य, किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत. उरलेल्या रकमेसाठी कर्जाची सोय. म्हणजे ताईच्या एका मशीनमागं दहा-बारा घरांचा पैसा आणि अब्रू अडकलेली असते. अशी एखादी ताई ग्रुपवर विचारते, "बॅटरी उतरवली की गरम लागते, लगेच चार्जिंगला लावली तर चालते का?" एकदम रास्त प्रश्न. गरम बॅटरी चार्जिंगला लावायचीच नसते, आधी थंड होऊ द्यायची. एका ओळीचं उत्तर. पण तिथं 'तो' लिहितो, "ज्याचं काम त्यानंच करावं ताई." खाली चार जणांचे हसण्याचे इमोजी.

ताई भांडत नाही, ग्रुपही सोडत नाही. ती फक्त पुन्हा विचारत नाही. तिच्यासारखे आणखी तीस जण, जे विचारायच्या बेतात होते, तेही गप्प होतात. पुढचा प्रश्न कदाचित विमानतळाजवळच्या शेताचा असता. नांदेडलाही विमानतळ आहे, लातूरलाही. कुठं परवानगी न घेता उडवता येतं आणि कुठं नाही, हे डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात दिसतं. ते न बघता उडवलं तर ड्रोन नियम २०२१ प्रमाणं एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एका टोमण्यानं एवढं महाग पडू शकतं.

मग अ‍ॅडमिन हात का लावत नाही? एक कारण भीड. दुसरं कारण भीती, आणि ती उलटीसुलटी आहे. काहींना वाटतं, ग्रुपमध्ये कुणी वाईट लिहिलं तर पोलीस अ‍ॅडमिनलाच उचलतील, म्हणून ते ग्रुपच बंद करून टाकतात. यावर आपल्याच राज्यातला निकाल आहे. गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण. ग्रुपमधल्या एका सदस्यानं एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली. अ‍ॅडमिननं त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून २०१६ मध्ये अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये अ‍ॅडमिनविरुद्धची ती कारवाई रद्द केली. म्हणणं थोडक्यात असं : अ‍ॅडमिनच्या हातात मुख्यतः सदस्य घेणं आणि काढणं एवढंच असतं, कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही. दोघांचा मिळून तसा हेतू होता किंवा आधी ठरलं होतं असं दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मेसेजची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही.

हा निकाल सांगितला की काही अ‍ॅडमिन खुश होतात, "म्हणजे आपल्याला काही करायची गरज नाही." मी तो नेमका उलटा वाचतो. कोर्टानं तुमची भीती काढली, आणि तुमच्या हातात घेणं-काढणं आहे हेही सांगितलं. त्या बाईला जे ऐकावं लागलं ते निकालानं पुसलं गेलं नाही. कायद्यानं सुटलात म्हणून धंद्याच्या हिशोबानं सुटलात असं होत नाही.

पण काढायच्या आधी एक गोष्ट स्वतःला विचारा. तो खरंच त्रास देतोय, की तुम्हाला अडचणीचं बोलतोय? कारण आपल्याकडं बरेच अ‍ॅडमिन स्वतः विक्रेते असतात, मीही दुकानदारच आहे, त्यामुळं हे आतून माहीत आहे. अ‍ॅडमिन बॅटऱ्या विकतो आणि एखादा लिहितो, "हीच बॅटरी दुसरीकडं दोन हजारानं स्वस्त मिळायली." हा उपद्रव नाही, ही माहिती आहे. तसंच भावाचं. सगळ्यांनी मिळून एकरी एकच रेट ठरवला आणि एक जण म्हणाला, मी कमीत मारणार, तर त्याला शिव्या घालून काढू नका. आपसात भाव बांधणं हे स्पर्धा कायदा २००२ मध्ये बसत नाही, आणि त्याचा लेखी पुरावा तुमच्याच ग्रुपवर पडलेला असतो! माणूस काय मत मांडतो यावर काढायचं नसतं. समोरच्याला बोलायची सोय ठेवतो का, एवढंच बघायचं.

ते बघितलं आणि तरी तो बसत नसेल, तर पहिलं काम फोन. ग्रुपवर सगळ्यांसमोर सुनावायचं नाही, कारण दोनशे लोकांसमोर कुणीच माघार घेत नाही, आपण तरी घेतो का? फोनपेक्षा भेट बरी. गंजगोलाईत किंवा वजिराबादेत चहा घ्या आणि गोलगोल बोलू नका. "दादा, तुमच्याएवढं मशीन कुणाला कळत नाही. पण मंगळवारी त्या ताईला जे लिहिलं ते चालणार नाही. परत तसं आलं तर मेसेज काढीन, त्याच्यापुढं तुम्हाला काढावं लागेल." वार सांगा, मेसेज सांगा. "तुम्ही जरा सांभाळून घ्या" असं मोघम बोललात तर तो हो म्हणेल आणि संध्याकाळी परत तेच.

काही जण सल्ला देतात की त्यालाच अ‍ॅडमिन करा, जबाबदारी आली की सुधरतो. माझं स्पष्ट मत : करू नका. टोमणे मारणाऱ्याच्या हातात काढायचं बटण दिलं तर पहिली ती ताई जाईल.

दुसऱ्या वेळी मेसेज डिलीट करा. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. आणि खाजगीत लेखी कळवा. तिसऱ्या वेळी काढा. काढताना ग्रुपवर एकच ओळ : "अमुक यांना दोनदा सांगूनही भाषा बदलली नाही, म्हणून काढलं आहे." पंचनामा नको. लगेच ग्रुपची लिंक रिसेट करा आणि नवीन सदस्यासाठी मंजुरी चालू ठेवा, नाहीतर जुन्या लिंकवरून तो दुसऱ्या नंबरनं पाहुण्यासारखा परत येईल.

हे तुम्हाला फार कडक वाटत असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ३५ बघा. सोसायटीतून सभासद काढायचा तर त्यासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत, हजर असलेल्या आणि मताचा हक्क असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश जणांनी ठराव करावा लागतो. त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. वर निबंधकाची मंजुरी. आपल्या ग्रुपला एवढा पसारा नको. पण ऐकून घेणं तिथून उचलण्यासारखं आहे. आणखी एक, काढलेल्याला वर्षभर परत घेत नाहीत, म्हणजे पुढं दार उघडू शकतं. मी एक हंगाम म्हणेन. पुढच्या पेरणीला तो स्वतः फोन करून आला तर घ्या.

तो दुसरा ग्रुप काढेल हेही धरून चला. वीस-तीस जण नेईल. नेऊ द्या. तिथले स्क्रीनशॉट कुणी पाठवले तर उघडायचे नाहीत, मोह होतो तरी. त्यापेक्षा त्या दिवशी चार फोन करा, ग्रुपवर जे कधीच काही लिहीत नाहीत त्यांना. बॅटरीवाल्या ताईंना पहिला. त्यांना सांगा, तो प्रश्न उद्या परत टाका, उत्तर मी स्वतः लिहितो.