प्रासादांच्या पायातील इतिहास

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर गेल्या काही दशकांत शेते हटली आणि तटबंद वसाहती उभ्या राहिल्या. त्यांपैकी कित्येकींच्या कमानींवर इंग्रज उमरावांच्या ग्रामीण प्रासादांची आठवण करून देणारी नावे झळकतात. ज्या प्रासादांचे हे अनुकरण, ते कोणाच्या पैशावर उभे राहिले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारणे अगत्याचे आहे. कारण त्याच्या उत्तराचा मोठा भाग याच देशात आहे.

१७५७ च्या प्लासीनंतर क्लाइव्हने बंगालमधून अफाट संपत्ती नेली. सरे परगण्यातील क्लेअरमाँटचा प्रासाद तिच्यातूनच उभा राहिला. कासिमबाजारचा कंपनी अधिकारी फ्रान्सिस साइक्स याने बर्कशायरमध्ये बॅसिल्डन पार्क बांधला. त्याचे बांधकाम सुरू झाले तेव्हा १७७० च्या दुष्काळाने उद्ध्वस्त झालेला बंगाल सावरलाही नव्हता. तेथील विणकरांना व रयतेला नागवून जमविलेला पैसा इंग्लंडमध्ये संगमरवर आणि हिरवळ होऊन अवतरला, आणि कालांतराने त्यालाच 'अभिरुची' हे नाव मिळाले.

दक्षिणेची कथा वेगळी नाही. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला. त्या युद्धात पेशव्यांच्या फौजा कंपनीच्या बाजूने लढत होत्या, हे मराठी वाचकाने विसरता कामा नये. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू धारातीर्थी पडला आणि लुटीची हुद्द्यानुसार वाटणी झाली. टिपूचा तंबू आज वेल्समधील पोविस किल्ल्यात, क्लाइव्ह घराण्याच्या संग्रहात आहे. पुढे अवघ्या एकोणीस वर्षांत पेशवाईही त्याच कंपनीच्या घशात गेली.

ही लूट केवळ हिंदुस्थानची नव्हती. यॉर्कशायरमधील हेअरवुड प्रासादामागे वेस्ट इंडीजमधील साखरेचा आणि गुलामांच्या घामाचा पैसा होता. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी रद्द करताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना; गुलामांना छदामही नाही. खुद्द इंग्लंडमध्ये गावरानांना कुंपणे पडली, आणि डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टनने आपल्या बागेच्या शोभेआड येणारे मिडल्टन हे गावच हटविले. प्रासाद एकच; त्याखाली चिरडले गेलेले श्रमिक मात्र तीन खंडांतले.

सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टने आपल्या ताब्यातील ९३ वास्तूंचा वसाहतवादाशी व गुलामगिरीशी असलेला संबंध जाहीर केला, तेव्हा सनातनी गोटात एकच गहजब उडाला. कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी जाहीर निषेध केला. ट्रस्टने कोणताही कायदा मोडलेला नाही, असा निर्वाळा धर्मादाय आयोगाने मार्च २०२१ मध्ये दिला. इतिहास पुसला जात असल्याची ओरड करणाऱ्यांना खरी भीती वाटते ती तो प्रथमच पूर्ण लिहिला जाण्याची.

हा धडा केवळ परक्यांसाठी नाही. आपल्याकडील राजवाडे व संस्थानी हवेल्यांचे मार्गदर्शकही राजाचे नाव, झुंबरांचे वजन आणि शिकारींची संख्या सांगतात. वेठीचे, सारावसुलीचे दप्तर उघडीत नाहीत. सर्जापूर रोडवरील नव्या कमानींवरही जमीन कसणाऱ्याचे वा परप्रांतांतून येऊन विटा वाहणाऱ्या मजुराचे नाव नाही. उद्याच्या इतिहासकाराला ते शोधत बसावे लागू नये, यासाठी हजेरीपट, मजुरीच्या नोंदी आणि जमिनीचे दस्तऐवज आजच जपले पाहिजेत. वास्तू जतन करावयाची, तर तिचा हिशेबही जतन केला पाहिजे.