गोळी आपोआप सुटत नाही

नियम ही गोष्ट मराठी माणसाला फार प्रिय आहे. मात्र ती दुसऱ्याने पाळावयाची असेल तर. रांगेत मध्येच घुसणारा दिसला की आपला जीव तळमळतो, आणि आपल्याला घाई असली म्हणजे ही रांगेची पद्धत कोणी काढली असा प्रश्न पडतो. आमच्या संभाजीनगरात क्रांती चौकात हवालदार उभा दिसला की हेल्मेट डोक्यावर चढते आणि मोंढा नाका येईपर्यंत पुन्हा कोपराला लटकते. वीस वर्षे महाविद्यालयात शिकवीत असल्यामुळे हा स्वभाव मला अपरिचित नाही. परंतु त्याचे अस्सल दर्शन घ्यावयाचे असेल तर, वाचकहो, एखाद्या इनडोअर शूटिंग रेंजवर जाऊन बसावे.

मी मराठी शिकवते. बंदुकीशी माझा संबंध आजवर दुसऱ्याच्या खांद्यावर ती ठेवण्याच्या वाक्प्रचारापुरताच होता. पण 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले आणि आमच्या धाकटीने जेवणाच्या ताटावरच जाहीर केले की, आपण आता नेमबाज होणार. तेव्हापासून आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मी शहरातल्या एका रेंजवर भिंतीकडेच्या बाकावर बसते. हातात तपासायच्या उत्तरपत्रिका असतात. लक्ष मात्र गिऱ्हाइकांकडे असते.

रेंज म्हणजे एक लांबट दालन. या टोकाला टेबले आणि बरोबर दहा मीटरांवर लक्ष्याचे कागद. रायफलीच्या लक्ष्यावर मधोमध दहा गुणांचा जो ठिपका असतो त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान! शिकणारी मुले रोज येतात. पण शनिवार-रविवारी पैसे भरून दहा-वीस छर्रे उडवायला येणारी हौशी मंडळी निराळी. त्यांच्यासाठी दारातच फलक लावला आहे. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे समजावे. नळीचे तोंड लक्ष्याकडेच असावे. नेम धरेपर्यंत चापावर बोट ठेवू नये. सर्वांच्या बंदुका खाली ठेवल्याखेरीज कोणी रेषेपुढे जाऊ नये. डोळ्यांना संरक्षक चष्मा लावावा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

या पाच-सहा वाक्यांत रागावण्यासारखे काय आहे? परंतु रागावणारे रागावतात. परवा एक भारदस्त गृहस्थ आले. फलक वाचून प्रशिक्षकांना म्हणाले, "हे आम्हाला नका सांगू. आमच्या वाड्यावर आजोबांच्या वेळच्या तीन बंदुका आहेत." प्रशिक्षक नम्रपणे म्हणाले, "असतील ना साहेब. पण नळीला पाहुणा ओळखता येत नाही." गृहस्थांचा चेहरा पडला. त्यांना बंदुकीची भीती नव्हती. आपल्याला नवख्यांच्या रांगेत बसवले, हे दुःख होते.

दुसरा प्रकार तरुणांचा. बंदूक हाती येताच हे लोक मित्राकडे वळतात, कारण मित्राच्या हाती मोबाइल असतो आणि फोटोत नळी समोरून दिसली नाही तर आल्याचे सार्थक काय? प्रशिक्षक ओरडले, "तोंड तिकडे!" की आमच्या गावच्या खास बोलीत उत्तर मिळते, "सर, खाली है ना! फिर काहेका टेन्शन?" तिसरा प्रकार वडिलांचा. चिरंजीवांना धड बंदूक उचलत नाही, तरी "लहान आहे हो, धरू द्या थोडी," असा आग्रह. लहान आहे म्हणूनच नको, हे त्यांना पटवून देण्यात पाच मिनिटे जातात. चौथे, चिवड्याचा पुडा घेऊन येणारे. हात धुवा म्हटले की त्यांना वाटते, आपल्या स्वच्छतेवरच शंका घेतली.

सर्वांचा शेवटचा युक्तिवाद एकच असतो : "अहो, ही तर हवेवरची बंदूक!" आहे खरी. साडेचार मिलिमीटर नळीची आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या शक्तीची हवाई बंदूक घ्यायला आपल्याकडे परवानासुद्धा लागत नाही. परंतु तिचा छर्रा सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगाने जातो. कागदाला भोक पाडणाऱ्या वस्तूला डोळ्याचे बुबुळ काही फार अवघड नाही.

बंदूक नेहमी भरलेलीच समजावी, हा नियम जगभर ज्यांच्या नावाने सांगितला जातो ते अमेरिकेच्या मरीन दलातले जेफ कूपर. 1976 साली त्यांनी ॲरिझोनात बंदूक शिकवण्याची शाळा काढली. त्यांचे चार नियम प्रसिद्ध आहेत आणि त्यांतला हा पहिला. वरवर पाहता तो खोटा आहे. प्रत्येक बंदूक भरलेली कशी असेल? पण ती रिकामी आहे असे समजून वागल्यास काय होते, ते 21 ऑक्टोबर 2021 रोजी न्यू मेक्सिकोत 'रस्ट' या चित्रपटाच्या चित्रीकरणात दिसले. बंदुकीत धोक्याचे काही नाही असे सांगून ती नटाच्या हाती देण्यात आली होती. तिच्यात खरी गोळी निघाली, आणि हॅलिना हचिन्स ही छायाचित्रणकार जिवाला मुकली. इतके दूर कशाला? 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांना राहत्या घरी स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. सुदैवाने ते बरे झाले.

अशी बातमी दर वर्षी कुठून ना कुठून येतेच, आणि ती वाचताना मला माझा विषय आठवतो. बातमीतले क्रियापद ठरलेले असते : 'साफ करताना गोळी सुटली.' विद्यार्थ्यांना मी सांगते की, सुटणे आणि सोडणे ही जोडी नीट पाहा. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सांडणे-सांडवणे. कप फुटला, दोर तुटला, दूध सांडले. आपली भाषा मोठी दयाळू आहे. ज्याच्या हातून घडले त्याला ती वाक्यातून अलगद बाहेर काढते. कपाच्या बाबतीत ही दया शोभते. घरात भांडण होत नाही. पण गोळीच्या बाबतीत? गोळी काही पिकलेले फळ नाही, आपोआप सुटायला. जवळजवळ प्रत्येक वेळी त्या वाक्याआधी कोणीतरी बंदूक भरून ठेवलेली असते, कोणीतरी ती न तपासता उचललेली असते, कोणाचे तरी बोट चापावर असते. रेंजवरच्या फलकातले सगळे नियम मला व्याकरणाचे नियम वाटतात ते यामुळे. त्यांचे काम एकच : वाक्यातून पळून गेलेल्या कर्त्याला परत आणून बसवणे.

हे एकदा कळले की नियमात अपमान उरत नाही. जे या विद्येत पारंगत आहेत त्यांचे वागणे पाहा. 2010 साली म्यूनिकला जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत घ्या की स्वप्नील घ्या. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पंचांची परवानगी मिळेपर्यंत त्यांच्याही रायफलीत ठळक रंगाची सुरक्षा-दोरी घातलेली असते, कक्ष रिकामा आहे हे कोणालाही दुरून दिसावे म्हणून. 'मी जगज्जेती, मला कशाला दोरी?' असे तिथे चालत नाही. आपल्या देशात रायफल असोसिएशन स्थापन झाली 1951 साली, आणि तिचे पहिले अध्यक्ष कोण, तर लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर! सभागृहाला नियम पाळायला लावणाऱ्या माणसाकडेच नेमबाजीची धुरा यावी, हा योग मला मोठा उचित वाटतो.

गिऱ्हाइकांत नियम सर्वांत लवकर कोणी आत्मसात केले म्हणाल, तर एका आजींनी. नातवाबरोबर आल्या होत्या. नऊवारी, चष्म्यावर चष्मा. प्रशिक्षकांनी सगळे समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे विळीसारखंच की रे बाबा. घरात पोर असो नसो, चिरून झालं की विळी आडवी करायची." आणि त्यांनी दहा छर्रे उडवून बंदूक अशी अलगद, तोंड पलीकडे करून ठेवली की प्रशिक्षक पाहतच राहिले. कागदावर भोके दोनच पडली होती, ही गोष्ट वेगळी!

विळी आडवी करताना कोणत्याही गृहिणीला आपला अपमान झाला असे वाटलेले मी ऐकलेले नाही. आपली सासू, आपली आई असेच करीत होती, एवढ्यावर ती करते. बंदूक आपल्या घरात तशी रुळलेली नाही, म्हणून तिचा नियम परक्याने सांगावा लागतो आणि परक्याने सांगितला की तो टोचतो.

आता दिवाळी आहे. घरोघरी टिकल्यांची पिस्तुले निघतील आणि चिमुरडे पहिला नेम धरतील तो आजोबांच्या पोटावर. आजोबाही हौसेने "मेलो, मेलो" म्हणून आडवे पडतील. ते सुख हिरावून घेण्याचा माझा मुळीच विचार नाही. फक्त नेम धरायला त्या पोराला एखादे मडके, एखादा डबा दाखवून द्यावा. "माणसाकडे नाही हं, तिकडे," एवढे दोन शब्द. हाताला लहानपणी लागलेले वळण मोठेपणी फलक वाचून बदलत नाही, हे मी त्या बाकावर बसून रोज पाहते आहे.