पोट भरले, ताटातले गेले!

नगर-पुणे रस्त्यावरचे पारनेर तालुक्यातील सुपा. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला ज्वारी-बाजरीचे, कांद्याचे रान. वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली राबणारे आणि रानात रोजाने जाणारे यांत आपले लोकही आहेत. महागाईची चर्चा वाहिन्यांवर टक्क्यांत होते. या घरांत ती ताटात दिसते.

साधा हिशेब करू. पाच माणसांच्या घराला रोज पाव किलो तूरडाळ म्हणजे महिन्याला साडेसात किलो. भाव शंभराचा दीडशे झाला की 375 रुपये जास्त लागतात. 2015 साली तर हीच डाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती. रोजगार त्या महिन्यात 375 रुपयांनी वाढतो काय? नाही. मग डाळीत पाणी वाढते. अंडी बंद होतात, तेलाची धार बारीक होते, मुलाचे दूध चहापुरते उरते. भाकरी-भात आणि चटणीवर पोट भरते. उपाशी कोणी झोपत नाही, म्हणून सरकारदरबारी भूक दिसत नाही. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय उरते? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. पाच वर्षांखालील शंभरपैकी पस्तीस बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती.

हे दुखणे एकट्या सुप्याचे नाही. 2007-08 मध्ये जगभर धान्य भडकले तेव्हा हैतीपासून बांगलादेशापर्यंत गरिबांनी हेच केले: धान्य कसेबसे ठेवले, बाकीचे सोडले.

बाबासाहेबांनी 1923 साली ‘रुपयाचा प्रश्न’ मांडताना हे दुखणे नेमके ओळखले होते. भाव चढतात तशी मजुरी चढत नाही, आणि त्या तफावतीतून होणारा नफा मजुराच्या खिशातूनच जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. महागाई म्हणजे न सांगता केलेली पगारकपात, हाच त्याचा अर्थ. आम्ही पुढे एवढेच म्हणतो, की ही कपात आधी डाळीत होते.

सरकार म्हणेल, आम्ही फुकट धान्य देतो. देते, आणि ते हक्काचे आहे. 2013 च्या कायद्याने मिळाले आहे. अंत्योदय सोडला तर माणशी पाच किलो. पण त्यात मुख्यतः गहू-तांदूळ. 1972 च्या दुष्काळात परदेशी मिलो खाऊन जगलेल्या पिढीला विचारा, नुसते पोट भरणे काय असते! 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत डाळ, तेल, साखर, रवा मिळाला. पण चूल काय दिवाळीलाच पेटते?

स्वस्त पोषणाच्या वाटा तर एकेक बंद होत आहेत. 2015 साली गोवंश हत्याबंदीत बैलही आले आणि गरिबाच्या घरातले स्वस्त मांस गेले. जानेवारी 2025 मध्ये शालेय पोषण आहारातील अंड्यांचा निधी राज्य सरकारने थांबवला. खर्च लोकसहभागातून करा म्हणाले. ज्यांच्या घरी अंडे परवडत नाही, त्यांनीच शाळेत वर्गणी काढायची! याला काय म्हणावे?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. रेशनवर वर्षभर डाळ, तेल आणि इथली ज्वारी-बाजरी द्या. शाळेतले अंडे सरकारी खर्चाने परत आणा. आणि किमान वेतनावरचा विशेष भत्ता महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलतो, तो ठेकेदार कामगारांना देतो की स्वतः गिळतो, याची तपासणी करा.

कार्यकर्त्यांनीही एक काम करावे. वस्तीवर गेल्यावर रेशन मिळाले का, एवढेच विचारून परतू नये. गेल्या आठवड्यात डाळ किती वेळा शिजली, हे विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. तहसीलदारापुढे ती वही ठेवली, तर टक्क्यांची भाषा तिथे चालणार नाही.