ठग, पुंड आणि तुंट

म्हैसूरच्या एका तरुण अनुवादिकेचे हस्तलिखित गेल्या महिन्यात तपासायला आले. मूळ कथा कन्नड, तिने ती इंग्रजीवरून मराठीत आणलेली. चौथ्या पानावर वाक्य होते : ‘ठगांनी त्याला भर चौकात लाथाबुक्क्यांनी तुडवले.’ तिथे मी अडलो. मराठीतला ठग कधी लाथा घालतो का? तो गोड बोलतो, विश्वास संपादन करतो आणि आपण लुबाडले गेलो हे आपल्याला घरी पोचल्यावर कळते. इंग्रजीतला ‘थग’ मात्र आज नुसता दांडगा, मारकुटा गुंड आहे. शब्द आपल्याकडूनच गेला. परदेशात त्याचा धंदा बदलला, आणि परत आल्यावर आपण त्याला जुन्या ओळखीवर घरात घेतो.

हा धंदा कसा बदलला ते अनुवादकाने माहीत करून घेतले पाहिजे. त्याची एक वाट म्हैसूरच्या शेजारूनच जाते. ४ मे १७९९ रोजी टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बंगळूरकडे वाटसरूंना फास लावून लुटणारी शंभरेक माणसे पकडली गेल्याची नोंद आहे. दक्षिणेत त्यांना ठग म्हणत नसत, ‘फांसीगार’ म्हणत. शेरवुड नावाच्या मद्रासच्या इंग्रज डॉक्टरने १८१६ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला तोही याच नावाने. पुढे उत्तरेतल्या स्लीमन या इंग्रज अंमलदारामुळे ‘ठग’ हा शब्द वरचढ ठरला. त्याने १८३६ मध्ये ‘रामसीयाना’ हा ठगांच्या बोलीचा कोश छापला. त्याच वर्षीच्या ३० व्या कायद्यानुसार, माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढे सिद्ध झाले की जन्मभर सक्तमजुरी. ठग म्हणजे कोण, हे मात्र त्या कायद्यात सांगितलेले नव्हते. व्याख्या मिळाली ती १८६० च्या दंडसंहितेत, कलम ३१० मध्ये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ते कलम नाही. कोशकारांनी यावर जरा थांबावे असे मला मनापासून वाटते. शब्दाचा अर्थ कायद्यात येण्याआधी पंचवीसेक वर्षे त्या शब्दावर माणसे तुरुंगात गेली, आणि त्या काळात हाताशी होता तो एका अंमलदाराने केलेला कोश.

म्हणून इंग्रजीत ‘थग’ दिसला की मराठीत गुंड, दांडगट, मवाली यांतून निवडा. ठग ठेवायचा तो फक्त जुन्या काळच्या लिखाणात. आणि ‘चीट’, ‘कॉनमॅन’ आले की आपला ठग, भामटा, लबाड यांना मोकळेपणाने बोलवा.

हस्तलिखितात पुढे हत्ती आला. म्हैसूरच्या आसपासची कथा म्हटल्यावर तो यायचाच. इंग्रजीत ‘रोग एलिफंट’, तिने केले ‘पिसाळलेला हत्ती’. आपली वर्तमानपत्रेही असेच लिहितात. पण पिसाळते कुत्रे. हा हत्ती वेडा झालेला नसतो. बहुधा तो कळपाबाहेरचा नर असतो आणि ऊस, केळी, भात यांची गोडी लागलेला असतो. कन्नड बातमीदार त्याला ‘पुंडाने’ म्हणतात, आने म्हणजे हत्ती. हा पुंड आपल्याला परका नाही. बखरी वाचणाऱ्याच्या कानात ‘पुंडपाळेगार’ घुमत असतो, पुंडाई आणि पुंडावा आपण आजही म्हणतो. ‘पुंड हत्ती’ लिहिले तर कोल्हापूर-सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याला, ज्याच्या बांधावर कर्नाटकातून आलेले हत्ती उभे राहतात, कोशाची गरज पडणार नाही. म्हैसूरच्या दसऱ्याची सोन्याची अंबारी आठ वर्षे वाहणारा अर्जुन हत्ती ४ डिसेंबर २०२३ रोजी हासन जिल्ह्यात रानहत्ती पकडण्याच्या मोहिमेत मारला गेला. त्याच्याशी जो रानहत्ती झुंजला त्याला पिसाळलेला म्हणणे मला जमत नाही. तो आपल्या रानात उभा होता.

‘रोग एलिफंट’मधला ‘रोग’ हा शब्द सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये भटक्या भिकाऱ्यांसाठी होता. १६०४ च्या कायद्याने न सुधारणाऱ्या भटक्याच्या खांद्यावर ‘आर’ हे अक्षर तापल्या लोखंडाने डागत. ‘व्हिलन’ हा मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारा कुळवाडी. पोराटोरांना लाडाने म्हणतात तो ‘नॉटी’ म्हणजे आधी ज्याच्याजवळ काही नाही असा. आपल्याकडे व्रात्य हा संस्काराबाहेर पडलेला, आज तो घराघरांत भिंती रंगवतो. बदमाश म्हणजे ज्याची रोजीरोटी वाईट तो. दारिद्र्य आणि परकेपण यांचेच किती ठिकाणी अवगुण झाले, ते या शब्दांत दिसते.

अशा शब्दाचे भाषांतर कसे करायचे, या प्रश्नाला सगळ्यांत कठीण जागी उत्तर द्यावे लागले ते लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’चा इंग्रजी अनुवाद करताना. १९८७ चे पुस्तक, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार. उचल्या हे चोराचेही नाव आणि जमातीचेही. १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा १९५२ मध्ये गेला तरी शब्द अंगावर राहिला. ‘थीफ’, ‘पिकपॉकेट’ हे शब्द हाताशी होते. पा. अ. कोल्हारकरांच्या अनुवादाचे नाव ‘द ब्रँडेड’ आहे, डागलेले. चोर कोण हे न सांगता डाग कोणी दिला तिकडे बोट गेले. अनुवादाच्या नावांत इतकी धीट निवड मी फारच थोड्या वेळा पाहिली आहे.

हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर पोलीस चौकीत एक सतरा वर्षांचा मुलगा उभा आहे. हवालदार त्याला ‘रौडीशीटर’ म्हणतो. आपल्याकडच्या ‘तडीपार’सारखीच सरकारी दप्तरातली पक्की नोंद. दाराशी उभी असलेली त्याची आई म्हणते, तो ‘तुंट’ आहे. इंग्रजी अनुवादात दोन्ही ठिकाणी ‘ट्रबलमेकर’ होते, म्हणून हिनेही दोन्हीकडे ‘उपद्रवी’ लिहिले. मी फोन केला आणि मूळ कन्नड पान उघडायला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने हवालदाराला ‘रौडीशीटर’ जसाच्या तसा ठेवू दिला, आणि आईसाठी ‘द्वाड’ लिहिले.