कॅमेरा कोण फिरवणार?



हुंडा, दारू, रेशन, पाणी, कामाच्या जागी होणारा छळ या विषयांवर आपण नेहमी लिहितो-बोलतो. या अंकात मी एका खरेदीविषयी लिहिते आहे, म्हणून कुणाला नवल वाटेल. घरात बसवायचा, फोनवरून फिरवता येणारा कॅमेरा! नवापूर, दांडीपासून बोईसरच्या चाळींपर्यंत आता तो घरोघरी दिसू लागला आहे. बैठक संपली की एखादी तरी मागे थांबते आणि विचारते, "ताई, कुठला घेऊ?"

विचारणारीची गरज खरी असते. कुणी तारापूर एमआयडीसीत पाळीवर जाते, कुणी मासळीची पाटी घेऊन बाजारात बसते, कुणी पहाटेची गाडी पकडून विरारच्या पुढे कामाला जाते. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, मूल दुपारी शाळेतून एकटेच येते. पाळणाघर नाही, वृद्धांसाठी सोय नाही. सांभाळण्याचे जे काम समाजाने एकट्या बाईवर टाकले, ते ती आता कामावरूनही करते, हातातल्या फोनवर. तिला "कॅमेरा घेऊच नकोस" असे सांगणे मला जमत नाही.

हे यंत्र मुळात एका बाईच्याच भीतीतून जन्मले, हेही आपल्याला ठाऊक असावे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची कृष्णवर्णीय परिचारिका राहत होती. कामाच्या वेळा अवेळी, वस्तीत गुन्हे फार आणि पोलीस बोलावूनही लवकर येत नसत. १९६६ साली तिने नवऱ्याबरोबर पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळाले. दाराला वर-खाली चार भोके, त्यांच्यामागे सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलायची सोय आणि दार उघडायचे किंवा धोक्याची सूचना द्यायचे बटण. कॅमेऱ्याचे तोंड दाराबाहेर होते आणि बटण घरातल्या बाईच्या हाती होते.

आपल्या घरांत नेमके हेच उलटताना मी पाहते. समुपदेशनाला आलेल्या एका सुनेने सांगितले, कॅमेरा आणला सासूबाईंच्या आजारपणासाठी. पण तो चाले नवऱ्याच्या फोनवर. ती ओट्याशी गेली की कॅमेऱ्याची मान वळल्याचा बारीक आवाज येई. दुपारी कोण आले, फोनवर किती वेळ बोललीस, याचा हिशेब रात्री द्यावा लागे. साधा कॅमेरा एका दिशेला बघतो, त्याच्या नजरेबाहेर तरी जाता येते. फिरणारा कॅमेरा सकाळी दाराकडे असतो आणि दुपारी कुणीतरी दूर बसून तो आपल्याकडे वळवतो. म्हणून किमतीच्या आधी विचारायचा प्रश्न हा की, तो फिरवणार कोण?

आता खरेदीचे. डावी-उजवीकडे वळणे, वर-खाली होणे आणि लांबचे जवळ आणणे, ही या कॅमेऱ्याची तीन कामे. स्वस्त कॅमेऱ्यांत पहिली दोन असतात. तिसरे बहुधा नावापुरतेच, म्हणजे चित्र नुसते ताणून मोठे होते आणि धूसर दिसते. भिंगानेच जवळ आणणारा कॅमेरा महाग असतो. खोलीभर नजर ठेवायला त्याची गरज नाही. फिरणारा कॅमेरा एकीकडे बघत असताना दुसरीकडचे त्याला दिसत नाही, म्हणून फक्त दारासाठी साधा, न फिरणारा कॅमेरा पुरतो. नवापूरसारख्या किनाऱ्यावर बाहेर लावायचा असेल तर पाणी-धुळीपासून संरक्षण असलेला घ्या. त्यावरचा आयपी ६६ हा आकडा खाऱ्या हवेची हमी देत नाही, तेव्हा आडोशाला लावा आणि स्क्रू गंजत नाहीत ना ते बघत राहा. वीज गेली की कॅमेरा आणि वाय-फाय दोन्ही बंद पडतात, हेही धरून चाला.

चित्रण घरातल्या मेमरी कार्डावर साठते की कंपनीच्या दूरच्या संगणकावर, हे दुकानदाराला विचारा. भिंग झाकून घेण्याची आणि माइक बंद ठेवण्याची सोय असलेलाच घ्या. मुख्य खाते कुणाच्या फोनवर आहे, ते दुकानातच ठरवा. जोडणी करणाऱ्या मुलाच्या किंवा दिराच्या फोनवर ते राहू देऊ नका. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे हजारो कॅमेरे ताब्यात घेतले, ते अशाच न बदललेल्या पासवर्डांमुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. त्या बायकांना कुणी विचारले होते?

कायदा आपल्याला काही प्रमाणात साथ देतो. खाजगी क्षणी बाईला चोरून पाहणे वा तिचे चित्रण करणे हा २०१३ पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. पण व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा घरगुती वापराला लागू होत नाही. दिवाणखान्यात सुनेवर रोखलेल्या कॅमेऱ्याविषयी तो गप्प आहे. मानसिक छळ मात्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात येतो. पाळतीची तक्रार घेऊन बाई आली तर "यात मारहाण कुठे आहे?" असे आपल्या कार्यकर्तीने तरी म्हणू नये. तारीख-वेळ लिहून ठेवायला सांगावे आणि तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे न्यावे.

कायदा उंबऱ्याशी थांबतो तिथे घराने नियम करायचे. कॅमेरा आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे, धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींनाही. निजायच्या खोलीत आणि न्हाणीच्या दिशेने तो नको. एकाच खोलीचे घर असेल तर माणसे घरी आली की भिंग झाकायचे. अंथरुणावरच्या सासूबाईंनाही आधी विचारायचे, कारण कपडे त्यांचे बदलले जातात. आणि बंद करायचे बटण घरात असणाऱ्या बाईच्या हाती हवे.

हे नियम ज्या घरात मान्य होतील तिथे कॅमेरा खुशाल येऊ दे. जिथे "बंद करायचे बटण मला हवे" एवढे म्हटल्यावर भांडण होते, तिथे तो कशासाठी आणला जातो आहे ते बाईने ओळखावे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि तुमच्या वस्तीत काय ठरले ते आम्हाला जरूर कळवा.