विश्वस्त व्हा : नालवाडीच्या फुटबॉल चाहत्यांचा जाहीरनामा

ही चळवळ एका फोनमुळे सुरू झाली. आमच्या पोरांच्या संघाला नवा पुरस्कर्ता मिळाला होता. नव्या जर्सी आल्या, गोलपोस्टला जाळ्या लागल्या, डझनभर चेंडू आले. गावाने त्या माणसाचा मनापासून सत्कार केला. तीन आठवड्यांनी पोरांना शिकवणाऱ्या आमच्या सरांना दुपारी फोन गेला की उद्यापासून दुसरे प्रशिक्षक येतील, आपण दमला असाल, आता विश्रांती घ्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीप्रमाणे पोट्टे रांगेत उभे राहिले आणि समोर अनोळखी माणूस शिट्टी घेऊन उभा. पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या आईबापांनाही नाही. सर त्या मैदानावर चौदा वर्षं येत होते. चेंडूत हवा भरायचा पंप ते घरून आणत, कारण मैदानावर ठेवला तर हरवतो.

नवे प्रशिक्षक चांगले आहेत, हे आम्ही पहिल्यांदाच सांगून ठेवतो. पैसे देणाऱ्याचा हेतूही वाईट नव्हता. म्हणूनच हा प्रश्न आम्हाला जास्त टोचला. वाईट माणसाशी भांडता येतं. इथे एक भला माणूस आमच्याच मैदानावर, आमच्याच पोरांविषयी, आम्हाला न विचारता निर्णय घेऊन मोकळा झाला, आणि त्याला त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही. पैसा दिला म्हणजे संघ आपला झाला, असं त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर टाळ्या वाजवून आम्हीच त्याला तसं वाटू दिलं.

त्या रात्री पारावर बसून बोलताना विषय ब्लॅकबर्नवर गेला. आमच्यातले काही जण शनिवारी संध्याकाळी इंग्लंडचे सामने बघतात, त्यांना ती गोष्ट ठाऊक होती. बाकीच्यांना नव्हती, आणि ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक फुटबॉलवेड्याला ठाऊक असायला हवी, कारण तिचा एक पाय पुण्यात आहे.

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ सालचा क्लब. इंग्लंडची लीग १८८८ मध्ये सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक. जॅक वॉकर या गावच्याच पोलाद व्यापाऱ्याने त्यात पैसा ओतला आणि १९९५ मध्ये हा छोट्या गावाचा क्लब प्रीमियर लीगचा विजेता झाला. १९ नोव्हेंबर २०१० रोजी पुण्याच्या वेंकीज समूहाने तो २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. प्रीमियर लीगमधला एखादा क्लब भारतीय मालकांकडे जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ती अभिमानाने छापली. आम्हालाही अभिमान वाटला होता. कुक्कुटपालनात देशभर नाव काढलेलं पुण्याचं घराणं इंग्रजांच्या खेळात उतरलं, यात न आवडण्यासारखं काय होतं?

चोवीस दिवसांनी, १३ डिसेंबरला, मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढण्यात आलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. आदल्या दिवशी बोल्टनकडून २-१ असा हरला होता, पण पडझड म्हणावी अशी काही परिस्थिती नव्हती. अ‍ॅलर्डाइस यांची लांब चेंडूंची शैली सगळ्यांना आवडत होती असं नाही. तरी तुटपुंज्या पैशात संघ वरच्या लीगमध्ये टिकवणारा माणूस म्हणून ब्लॅकबर्नचे लोक त्यांना मानत. खेळाडू हबकले, दुसऱ्या क्लबांच्या मॅनेजरांनीही नवल केलं. त्यांच्या जागी त्यांच्याच हाताखालचे स्टीव्ह कीन आले. ७ मे २०१२ रोजी घरच्या इवूड पार्कवर, भर पावसात, विगनकडून १-० असा पराभव झाला आणि अकरा वर्षांनी क्लब खालच्या विभागात गेला. त्या सामन्यात कुणीतरी रोव्हर्सचा झेंडा पांघरलेली कोंबडी मैदानात सोडली होती. जगाने तो फोटो पाहून मजा घेतली. आम्हाला त्यात हतबलता दिसते. ज्याला बोलायला दुसरी जागाच उरत नाही, तो कोंबडी सोडतो.

पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस मॅनेजर राहिले, त्यांच्यानंतर आलेले मायकेल अ‍ॅपलटनही असेच थोड्या दिवसांचे ठरले. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या स्तरावर घसरला. मॅनेजर टोनी मोब्रे यांनी २०१८ मध्ये तो वर आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ बढतीच्या शर्यतीत असताना लोकांना आवडणारे मॅनेजर जॉन युस्टस तळाशी झगडणाऱ्या डर्बी काउंटीकडे निघून गेले. शर्यतीतला माणूस बुडणाऱ्या नावेत का चढतो, हे ब्लॅकबर्नच्या लोकांना समजून घ्यायचं होतं. हेही नमूद केलं पाहिजे की मालकांनी या वर्षांत क्लबचा तोटा स्वतःच्या पैशाने भरला आहे. पैसा आटला असता तर क्लब केव्हाच बंद पडला असता असं मानणारे ब्लॅकबर्नमध्येही आहेत, आणि आम्ही त्यांचं म्हणणं हलकं मानत नाही. पण पैसा येत राहिला आणि संवाद आला नाही, तर माणसं मैदानावर येणं सोडतात. तसंच तिथे झालं.

वर्ध्याजवळच्या नालवाडीला ब्लॅकबर्नशी काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. देणंघेणं जुनं आहे. आमच्या काळ्या मातीतला कापूस, हिंगणघाटचा कापूस, कधीकाळी लँकेशायरच्या गिरण्यांना जात होता, आणि ब्लॅकबर्न हे त्या विणकरांचं गाव. २६ सप्टेंबर १९३१ रोजी गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनमध्ये गेले होते. विलायती कापडावरच्या बहिष्काराने ज्यांच्या पोटावर पाय आला, त्याच कामगारांना भेटायला. बाया हात उंचावून त्यांचं स्वागत करताहेत, असा तो फोटो अनेकांनी पाहिला असेल. ज्यांच्यावर आपल्या निर्णयाचा परिणाम होतो त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं, त्यांचं ऐकायचं आणि आपलं कारण सांगायचं. एवढीच मागणी आम्ही क्लबच्या मालकांकडे करतो आहोत. गांधीजींनी ती त्या गावच्या उंबरठ्यावर स्वतः पाळून दाखवली होती.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, विनोबा नालवाडीत येऊन राहिले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत इथेच होते. सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे त्यांनी इथे स्वतःच्या देहावर तपासून पाहिलं. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ उभं राहिलं. गोपाळराव वाळुंजकरांनी इथेच चर्मालय चालवलं. ज्या कातड्याला शिवायला लोक तयार नव्हते, ते कमावण्याच्या कामाला या गावात प्रतिष्ठा मिळाली. आमच्या आजोबांच्या पिढीचा फुटबॉल कातड्याचाच असे, पावसात भिजला की दगडासारखा जड होई. कातडं आणि सूत या दोन्हींनी या गावाला शिकवलं की वस्तूवर पहिला हक्क ती घडवणाऱ्या हाताचा. आणि गांधीजींचा विश्वस्ताचा विचार वर्ध्याच्या पोराला शाळेतच कळतो. संपत्ती ज्याच्याकडे आहे त्याने ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी. कारखान्यांच्या बाबतीत हा विचार किती उतरला यावर वाद होईल. फुटबॉल क्लबच्या बाबतीत मात्र आम्हाला दुसरा विचारच सुचत नाही. क्लब विकत घेणारा नेमकं काय घेतो? मैदान बहुतेक वेळा सरकारी किंवा भाड्याचं, खेळाडू कराराचे. उरतं ते नाव, रंग आणि त्यासाठी दर आठवड्याला येणारी माणसं, आणि माणसं विकता येत नाहीत.

आता घरचं पाहू. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा १९६२ पासूनचा संघ. डेरिक परेरा यांच्या हाताखाली २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. पुण्याच्या बालेवाडीत नारिंगी टी-शर्ट घालून गाणारी पोरं २०१९ मध्ये एका उन्हाळ्यात पोरकी झाली. एफसी पुणे सिटी गुंडाळला गेला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादने प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्यासोबत २०२२ मध्ये लीगचा करंडक जिंकला. २०२५ मध्ये तोही क्लब उठून दिल्लीला गेला. सहा वर्षांत तीन शहरं. आमच्यातला एक जण तेव्हा पुण्यात शिकत होता. त्याचा नारिंगी स्कार्फ अजून कपाटात आहे, आणि तो कुठल्या शहराच्या संघासाठी गळ्यात घालायचा हे त्याला कळत नाही.

मुंबई सिटीची गोष्ट आमच्यासाठी सर्वांत अवघड आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. पोर्तुगालचे जोर्जे कोस्टा २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच हंगामात संघाला उपांत्य फेरीत घेऊन गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाने क्लबची ६५ टक्के मालकी घेतली, आणि मार्च २०२० मध्ये कोस्टा गेले. त्यांच्या जागी सर्हियो लोबेरा आले, ज्यांना त्याच वर्षी एफसी गोवाने हंगाम सुरू असतानाच काढलं होतं आणि ज्यांच्यासाठी गोव्याचे लोक हळहळले होते. लोबेरांसोबत गोव्याचे खेळाडू जाहूह, फॉल, बुमूसही मुंबईला आले. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल केला आणि मुंबईने साखळी फेरीच्या शील्डपाठोपाठ करंडकही उचलला. आम्ही इथे फटाके वाजवले. मग लोबेरा गेले, डेस बकिंगहॅम आले. त्यांनी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय मिळवून दिला, पुन्हा शील्ड जिंकली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑक्सफर्ड युनायटेडला गेले.

म्हणजे नव्या मालकांनी आवडता प्रशिक्षक जाऊ दिला आणि संघ अधिक चांगला झाला. मग आमची तक्रार काय? ती निकालाविषयी नाही, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावं. लोबेरांना आणणं हा उत्तम निर्णय होता असं आम्ही आजही म्हणतो. पण तो योग्य ठरला तो योगायोगाने योग्य माणसं त्या खोलीत होती म्हणून, आणि ती माणसं डिसेंबर २०२५ मध्ये, लीगच्या भवितव्याविषयी अनिश्चितता असताना, आपला वाटा सोडून निघून गेली. २०१९ मध्ये ती आली तेव्हाही आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, गेली तेव्हाही नाही. करंडक आमच्यासाठी होते आणि निर्णय त्यांचे होते. विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर बसून, साडेसातशे किलोमीटर पार करून अंधेरीच्या मैदानावर जाणाऱ्याला दोन्ही बातम्या मोबाइलवर कळल्या. कोस्टा ऑगस्ट २०२५ मध्ये ५३व्या वर्षी वारले तेव्हाही आम्हाला जाणवलं की त्यांना नीट निरोप देण्याची संधी आम्हाला कधी मिळालीच नाही.

जगात वेगळं चालतं का? चालतं. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मतांचा अर्ध्याहून अधिक हिस्सा सभासदांच्या संस्थेकडेच राहावा असा नियम आहे. बार्सिलोनाचा अध्यक्ष सभासद निवडतात. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदाच केला, आणि नाव, चिन्ह, रंग बदलताना चाहत्यांचं म्हणणं ऐकण्याचं बंधन क्लबांवर घातलं. केरळात मंजप्पडा या चाहत्यांच्या संघटनेने तिकीटविक्रीतून अंग काढून घेतल्यावर केरळ ब्लास्टर्स क्लबने चाहत्यांचं सल्लागार मंडळ जाहीर केलं. आपल्या देशाच्या फुटबॉल महासंघाच्या नव्या घटनेत माजी खेळाडूंना जागा मिळाली, ते योग्यच झालं. पण गॅलरीत बसणाऱ्याला तिथे खुर्ची नाही.

ती खुर्ची आम्ही मागतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक व्यावसायिक क्लबच्या संचालक मंडळावर चाहत्यांनी मतदानाने निवडलेला निदान एक प्रतिनिधी असावा. मालकी बदलणार असेल तर सौदा पक्का होण्याआधी नव्या मालकाने चाहत्यांसमोर उभं राहून आपला इरादा सांगावा, मराठीत सांगावा. शहर, नाव आणि रंग यांना चाहत्यांच्या बहुमताशिवाय हात लावू नये. प्रशिक्षक कोण असावा हे ठरवण्याचा हक्क आम्ही मागत नाही. तो खेळ जाणणाऱ्यांचा आहे, आणि गर्दीच्या मताने संघ चालवला तर दर पराभवानंतर प्रशिक्षक बदलावा लागेल. पण प्रशिक्षक गेला तर आठ दिवसांत त्याचं कारण लेखी कळावं, आणि जाणाऱ्याला मैदानावर निरोप मिळावा.

आमच्यावरही बंधनं आहेत. स्टीव्ह कीन यांना ब्लॅकबर्नमध्ये जे शिव्याशाप दिले गेले ते आम्हाला मान्य नाहीत. मालकांनी नेमलेला माणूस हा मालक नसतो. खेळाडूला, पंचाला, प्रशिक्षकाला किंवा त्यांच्या घरच्यांना शिवी देणारा आमच्यात राहणार नाही. मालकांवर बोलू, ते कागदावर, सहीनिशी आणि आकड्यांसह.

सुरुवात आम्ही आमच्याच मैदानापासून करत आहोत. आमच्या पुरस्कर्त्याला आम्ही भेटलो. ते बिचकले, मग ऐकलं. पोरांच्या संघाची एक समिती होते आहे. पैसे देणाऱ्याला तिथे एक मत, पालकांना तीन, सोळा वर्षांवरच्या खेळाडूंना दोन. जमाखर्चाची वही दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. वर्गणी वर्षाला पन्नास रुपये, ज्याला जमत नाही त्याला माफ. चळवळीला नाव अजून नाही, ते पहिल्या सभेत सगळे मिळून ठरवू. ब्लॅकबर्नच्या चाहत्यांना आम्ही एक पत्र लिहिलं आहे, त्याचा मसुदाही तिथे वाचला जाईल.

सभा रविवारी संध्याकाळी, पोरांचा सराव संपला की मैदानावरच. सरांना निरोप दिला आहे. येतो म्हणाले, आणि पंपही आणतो म्हणाले.