पहिल्या नंबरची कोंबडी

श्रावणात घटक चाचणीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या शाळेत एका पाहुण्यांचे व्याख्यान झाले. गृहस्थ चाकणकडच्या कुठल्याशा कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. आवाज खणखणीत, आणि मुलांना हसवण्याची हातोटीही चांगली. विषय होता 'स्पर्धा'. समारोपाला त्यांनी कोंबड्यांचा दाखला दिला. म्हणाले, "मुलांनो, चार कोंबड्या एकत्र आल्या की त्यांच्यातसुद्धा नंबर लागतात. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि शेवटची सगळ्यांच्या चोची खाते. हा निसर्गाचा नियम आहे. आता कोण व्हायचं ते तुम्ही ठरवा!"

टाळ्या पडल्या. आभार मानताना वरिष्ठांनी जाहीर केले की, दिवाळीनंतर नववीच्या दोन्ही तुकड्या गुणांप्रमाणे लावण्यात येतील. पुन्हा टाळ्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका पोराने हात वर केला. "सर, शेवटची कोंबडी मग काय करते?" पाहुणे हसून म्हणाले, "अभ्यास करते!" सारी सभा हसली.

मला हसू आले नाही. शेवटची कोंबडी काय करते ते मी रोज पाहतो. ती आमच्या परसात आहे.

परसात म्हटल्यावर पुनावळ्याच्या नव्या रहिवाशांना नवल वाटेल. १९९७ साली गाव महापालिकेत गेले, मग बाह्यवळणाच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या, आणि आता आमच्या शेवग्यावर ऊन यायचे ते वीस मजल्यांना वळसा घालून येते. तरी दोन गुंठे जागा, एक खुराडे, नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा एवढे संस्थान आमच्या आईने राखले आहे. मी मॅट्रिक झालेला ड्रॉइंग-मास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण कोंबड्यांवर बोलण्याचा अधिकार त्या पाहुण्यांपेक्षा मला नक्कीच अधिक आहे.

तर पहिल्या नंबरची आमची हौसा. काळी, वयस्क, एका पायाने जराशी लंगडी. ती ना सर्वांत मोठी, ना सर्वांत जास्त अंडी देणारी. उलट अंडी देण्यात ती आता जवळजवळ निवृत्तच झाली आहे. पण ती पाण्याच्या परातीकडे निघाली की बाकीच्या बाजूला होतात. टोचणे? महिन्यातून एखाद्या वेळी. तिने नुसती मान वळवली तरी पुरते. खरी टोचरी आहे ती दोन नंबरची ठमी. तिला वर चढायचे असते आणि खाली यायची धास्ती असते, त्यामुळे दिवसभर तिला उसंत नाही. (असे हेडक्लार्क मी पाहिले आहेत; पण तो विषय वेगळा.) मधल्या सहाजणींचे आपसांत काहीतरी गौडबंगाल आहे. तांबडी कवडीला दटावते, कवडी भुरीला दटावते आणि भुरी पुन्हा तांबडीला! आता यांतली वरची कोणती, ते पाहुण्यांनी येऊन सांगावे.

आणि कोंबडा. तुरा असा की सरदाराने फेटा बांधावा. त्याला अळी सापडली की तो स्वतः खात नाही. ती चोचीने उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो आणि कुक्‌कुक् करून कोंबड्यांना बोलावतो. यात त्याचा स्वार्थ आहे हे मला कळते; तो काही संत नव्हे. पण परसातल्या सर्वांत बलवान प्राण्याचा दिवस दुसऱ्यांना खाऊ घालण्यात जातो, ही गोष्ट 'निसर्गाचा नियम' सांगताना पाहुणे कशी विसरले?

शेवटची गंगू. मानेवर पिसे कमी, अंगाने किडकिडीत. ती कळपाच्या कडेला चरते. कडेला असते म्हणून घारीची सावली पुष्कळदा तिलाच आधी दिसते, आणि तिने आवाज दिला की हौसासुद्धा मुकाट्याने शेवग्याखाली पळते.

गंगू चोची खाते, हे खरे. मी कोंबड्यांचे गोडवे गाणार नाही. कोंबडी निर्दय होऊ शकते. पण केव्हा होते ते पाहा. आई दाणे कधी ताटलीत घालत नाही. परसाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकते. एकदा मी शहाणपणा करून ज्वारीची चांगली ताटली मांडली. हौसा आणि ठमी ताटलीत उभ्या, मधल्या सहाजणी भोवती, आणि गंगू उपाशी. आईने ताटली उचलली, ज्वारी अंगणभर भिरकावली आणि म्हणाली, "मास्तर झालास, पण दाणं टाकायला शिकला नाहीस." दाणे तेवढेच, कोंबड्या त्याच. पण त्या दिवशी गंगूचाही गळा भरला.

दुसरी गोष्ट याहून वाईट. मुंगूस येऊ लागले म्हणून एका उन्हाळ्यात आठ दिवस सगळ्यांना खुराड्यात कोंडून ठेवावे लागले. पाचव्या दिवशी गंगूच्या पाठीवर रक्त दिसले. आणि रक्त दिसले की कोंबड्या तिथेच टोचत राहतात. मोकळ्या परसात ठमीने डोळे वटारले की गंगू चार हात लांब जाई आणि भांडण मिटे. खुराड्यात ते चार हातच नव्हते. आईने हळद लावून तिला डालग्याखाली वेगळी ठेवली, आणि जखम भरल्यावर रात्री अंधारात हळूच दांडीवर इतरांच्या मध्ये नेऊन बसवली. दिवसाढवळ्या सोडली असती तर परकी समजून सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या असत्या.

हा क्रम प्रथम शास्त्राच्या भाषेत मांडला तो थॉर्लेफ शेल्डरुप-एब या नॉर्वेच्या माणसाने. लहानपणापासून त्याला कोंबड्यांचे वेड. १९२२ साली त्याचा निबंध जर्मन भाषेत छापून आला. आमच्या तांबडी-कवडी-भुरीसारखी तिकोनी कोडी त्यानेही पाहिली होती. पुढे मात्र जुलूम हाच साऱ्या जीवसृष्टीचा पाया आहे असे त्याला वाटू लागले. त्याच्या कोंबड्यांवर माझा विश्वास आहे, या निष्कर्षावर नाही.

कारण दुसरा प्रयोग अमेरिकेतला आहे आणि पाहुण्यांसारख्या, आकड्यांवर प्रेम करणाऱ्या माणसांना तो आवडावा. अंड्यांच्या धंद्यात एकेका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या दाटीने ठेवतात आणि त्यांनी एकमेकींना मारू नये म्हणून चोचींचे शेंडे छाटतात. पर्ड्यू विद्यापीठातल्या विल्यम म्यूर यांनी चोची छाटल्या नाहीत. एकेक हुशार कोंबडी निवडून तिची पैदास वाढवायची, ही रूढ वाटही त्यांनी सोडली. त्यांनी अख्ख्या पिंजऱ्याचा हिशेब धरला आणि ज्या पिंजऱ्याचे मिळून बरे चालले होते त्यातल्या सगळ्याच कोंबड्यांची पिले पुढे नेली. १९९६ साली त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. वर्षभरात शंभरातल्या ६८ कोंबड्या मरत होत्या, ते प्रमाण थोड्याच पिढ्यांत ९ च्या आत आले. अंडीही वाढली. एकटीचीच अंडी मोजून निवड केली की तिच्याबरोबर, शेजारणीला टोचून पुढे गेलेलीही निवडली जाते. वहीत दोघी सारख्याच दिसतात.

आता आमच्या नववीकडे या. 'अ' मध्ये वरचे, 'ब' मध्ये खालचे. म्हणतात, जग कठोर आहे, मुलांना आत्ताच सवय हवी. जग कठोर आहे हे 'ब' मधल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांतल्या कितीतरी जणांचे बाप याच पट्ट्यात कंत्राटावर राबतात. त्यांना जग शिकवायला आपली गरज नाही. आणि तुकडी म्हणजे परस नव्हे, की पोराने चार हात लांब जाऊन चरावे. चार भिंती, बंद दार आणि दारावर अक्षर. एवढे करून वर्षअखेर कोणाच्या पाठीवर रक्त दिसले, तर निसर्गाकडे बोट दाखवायचे! अहो, ताटली तुम्ही मांडलीत, खुराड्याला कडी तुम्ही घातलीत. कोंबडीला कशाला मध्ये आणता?

मी वरिष्ठांना एवढेच लिहून दिले आहे. "विचार करू," असे उत्तर आले. शाळेत या वाक्याचा अर्थ काय होतो हे मला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवले आहे, म्हणून दिवाळीनंतर पुन्हा लिहिणार आहे.

गेल्या रविवारी तो मागच्या बाकावरचा पोरगा घरी आला. म्हणाला, "सर, ती शेवटची कोंबडी दाखवा ना." गंगू मध्यंतरी खुडूक बसली होती, आईने तिला रवणावर बसवली आणि सात पिले निघाली. आम्ही परसात गेलो तेव्हा ती पिलांना घेऊन पाण्याच्या परातीपाशी उभी होती, पिसे फुलवून. ठमी तीन हात लांब थांबली होती. हौसा पाणी प्यायला निघाली आणि गंगूने तिच्यावर अशी झेप घेतली की म्हातारी पंख झाडीत मागे सरली.

"सर, शेवटची कुठली?" पोराने विचारले.

मी बोट दाखवले.

"ही? ही तर पहिलीला पळवतेय!"

आईने त्याच्या मुठीत ज्वारी दिली आणि कशी फेकायची ते दाखवू लागली.